चाळणीतले कंद

रविवार, २३ नोव्हेंबर

ती. वन्संना,

नमस्कार. पत्र हातात धरून घाबरत बसू नका, म्हणून शेवट आधी सांगते. आई घरी आल्या आहेत. जिभेची सूज उतरली, आवाज परत आला, आणि काल दुधात पाव बुडवून खाताना पाव शिळा आहे म्हणून मला बोलल्याही. म्हणजे ठीकच म्हणायचं.

तुमच्या बंधुराजांचा मेसेज पोचला असेल. त्यांचा मेसेज म्हणजे तार. ‘आईने विषारी कंद खाल्ला. दवाखान्यात. आता बरी.’ वाचणाऱ्याच्या काळजाचं काय होईल हा विचार त्यांना शिवत नाही. बस डेपोत जन्मभर वेळापत्रकं लावली की माणूस असाच बोलायला लागतो. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावं तर शेजारपाजारचे आधी ऐकतात. तेव्हा आपलं हे कागदाचंच बरं.

झालं असं. उन्हाळ्यात आला होतात तेव्हा माझ्या पांढऱ्या कॅला लिलींना बोट लावून तुम्ही विचारलं होतंत, ‘कागदाच्या आहेत का गं?’ आणि जाताना म्हणालात, मला याचे कंद पाठव. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलंत, म्हणून मी हंगाम संपायची वाटच बघत होते. कॅलाचं असं असतं, फुलं संपली तरी पानं हिरवी आहेत तोवर पाणी घालत राहायचं, कारण कंद तेव्हाच पोसतो. पानं पिवळी पडून माना टाकायला लागली की पाणी बंद. इथेच लोकांचं चुकतं. झाड मेलं म्हणून कुंडी फेकतात, नाहीतर कळवळून आणखी पाणी घालतात आणि कंद कुजवतात. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. माती कोरडी होऊ द्यायची, कंद उकरायचे, झटकायचे, सावलीत सुकवायचे आणि कागदाच्या पिशवीत घालून थंड, काळोख्या जागी ठेवायचे. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम फुटतो त्यांना.

बुधवारी मी तेच करत होते. कंद काढले आणि टोपलीत ठेवले. टोपली बाल्कनीतच होती, दाराच्या बाहेर, कुंड्यांच्या शेजारी. मग मी चष्म्याच्या दुकानात गेले, माझी दुपारची पाळी होती. आईंना ती टोपली भाजीची वाटली असणार. कॅलाचा कंद दिसायला बटाट्याचा चपटा चुलतभाऊच. त्यांनी तो आत आणला, उकडला, सोलला, फोडणीला टाकला आणि शिजलं का बघायला एक फोड तोंडात घातली. तेवढीच. खाजरा सुरण कधी चुकून खाल्ला असेल तर कल्पना येईल, हे त्याच्याही वरताण. हे घरी होते म्हणून निभावलं. मी दुकानातून तशीच दवाखान्यात पळाले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘यांच्या हाताला कंद लागला कसा?’ हे माझ्याकडे बघायला लागले. तुम्हाला माहीतच आहे, माझ्या मातीवरून आणि कुंड्यांवरून त्यांची कटकट रोजची. मी सांगितलं, बाल्कनीतून आणला असावा, वय झालंय, नजर कमी झाली असेल. आईंना बोलता येत नव्हतं. त्या दोन्ही हात गोल करून काहीतरी दाखवत होत्या, पण सलाईन निघेल म्हणून नर्सनं हात खाली ठेवायला लावले.

आईंच्या स्वयंपाकघराचे कायदे तुम्हाला पाठ आहेत. मातीचा कणही आत यायचा नाही. डबे जिथले तिथे. ओट्यावरच्या चाळणीत जे धुऊन निथळत असेल ते त्या दिवशी शिजायचं, त्यात विचारायचं नाही. मी इतकी वर्षं फक्त चिरायचं काम केलं, फोडणीचा मान मला कधी मिळाला नाही. आता डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अशा चुका म्हणजे विसरभोळेपणाची सुरुवात असू शकते, एकटीला गॅसपाशी सोडू नका. ह्यांनी त्याच संध्याकाळी आईंना सांगून टाकलं. त्यामुळे सध्या स्वयंपाक मी करते. काल वरण थोडं खारट झालं, पण कुणी काही म्हणालं नाही.

कंद सगळे फेकून दे म्हणाले हे. फेकले. तेव्हा तुमचे कंद या वर्षी राहिले, माफ करा. काळजी करू नका. मी आहे इथे.

तुमची भावजय


रविवार, २५ जानेवारी

ती. वन्संना,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. माझ्याकडून उत्तराला उशीर झाला, त्याला कारण काही नाही. लिहायला बसायचे आणि उठायचे.

आधी तुमच्या हायसिंथचं, कारण तुम्ही त्याची तीन वाक्यं लिहिलीत आणि आईंची दोन पानं, तर सोप्यापासून सुरुवात करू. तुमच्या मैत्रिणीनं दिलेले गड्डे कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, खालच्या कप्प्यात. शेजारी सफरचंदं नकोत. पिकत्या फळाच्या वाफेनं आतलं फूल आतच मरतं आणि वरून काही कळत नाही. थंडी पुरेशी झाली की तोंड अरुंद असलेल्या काचेच्या भांड्यावर बसवा, पाणी गड्ड्याच्या बुडाला टेकेल न टेकेल इतकंच. मुळं उतरेपर्यंत काळोखात ठेवा. सारखं उघडून बघू नका. अमॅरिलिसचा गड्डा लावाल तेव्हा अर्धा मातीच्या वर ठेवा, मान पुरली की कुजतो.

माझे हायसिंथ खिडकीत फुलले आहेत, निळे. घरभर वास आहे. ह्यांनी पहिल्यांदाच फुलांना नाव ठेवलं नाही. फ्रिजमध्ये होते तेव्हा मी पिशवीवर जाड अक्षरांत लिहिलं होतं, ‘फुलांचे आहेत. खायचे नाहीत.’ आई फ्रिज उघडला की दर वेळी ते मोठ्यानं वाचायच्या. ‘फुलांचे आहेत. खायचे नाहीत. बरं बाई.’ मग त्यांनी फ्रिज उघडणंच सोडलं. पाणी हवं असलं तरी मला हाक मारतात.

बाकी तब्येत चांगली आहे. खाणं कमी झालंय, पण म्हातारपणी होतंच. दिवसभर खिडकीशी बसतात. पूर्वी मी कांदा जाड चिरला तर तीन खोल्यांपलीकडून आवाजावरून ओळखायच्या आणि ओरडायच्या. आता काही बोलत नाहीत. मी मुद्दाम जाड चिरून बघितला एकदा.

मधूनच विचारतात, ‘ते चाळणीत होते ना गं?’ मी म्हणते, ‘नाही आई, टोपलीत होते. बाल्कनीत.’ मग, ‘असेल बाई, तू म्हणतेस तर,’ म्हणून पुन्हा खिडकीकडे वळतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या की आठवणींची सरमिसळ होते.

स्वयंपाकघरात मी थोडी हलवाहलव केली आहे. मिठाचा डबा डाव्या हाताला होता, तो उजवीकडे आणला. मोठी पातेली वर टाकली. रोज लागणारं खाली. इतकी वर्षं वाकून वाकून कंबर गेली, कुणी विचारलं नव्हतं. आता उभ्याउभ्या हात पोचतो. परवा मी एकटीच ओट्यापाशी उभी राहून चहा प्यायले, आणि चहा प्यायला मी तिथे अशी कधी उभी राहिलेच नव्हते, हे लक्षात आलं. तुम्हाला वाटेल काय ही बाई, सासू आजारी आणि हिला डब्यांचं कौतुक.

आता तुमच्या पत्राचं. तुमच्या घराजवळचं ते वृद्ध निवास चांगलंच असणार, तुम्ही स्वतः बघून आलात म्हणजे प्रश्नच नाही. बाग आहे, नर्स आहे, तुम्ही रोज जाऊ शकाल. ह्यांचंही तेच मत पडलं. मी काय सांगणार, निर्णय तुम्हा भावंडांचा. आईंना ह्यांनी विचारलं तेव्हा मी भाकरी भाजत होते. मला वाटलं होतं आकाशपाताळ एक करतील. तर म्हणाल्या, ‘जाते. उद्या तुमच्या ताटात काही कालवलं माझ्या हातानं, तर? त्यापेक्षा जाते.’

भाकरी करपली. दुसरी टाकली.

तुम्ही मार्चमध्ये गाडी घेऊन येणार म्हणता, त्याप्रमाणे त्यांचे कपडे बघून ठेवते. लोकरीची शाल धुवायला हवी.

तुमची भावजय


सोमवार, ९ मार्च

वन्सं,

२१ तारखेची गाडी रद्द करा.

नमस्कार वगैरे राहू द्या आज. तुम्ही नेहमीसारखा चष्मा शोधून, खुर्चीत नीट बसून वाचाल, तर बसा आणि वाचा. कंद टोपलीत नव्हते. चाळणीत होते. आईंच्या चाळणीत, ओट्यावर, मी ठेवले होते.

त्या बुधवारी कंद काढून झटकले, तर काही झटकले जाईनात. चिखल वाळून बसला होता. कंद धुवायचे नसतात, हे मला माहीत आहे. पण तुम्हाला पाठवायचे होते ना. मातीनं बरबटलेले कंद बघून शाळा चालवलेल्या आमच्या हेडबाई वन्सं काय म्हणतील, असं माझ्या डोक्यात आलं. तुमच्यासमोर एकदा तरी नीटनेटकं व्हावं, एवढीच हौस. म्हणून सिंकमध्ये ब्रश घेऊन घासघासून धुतले, बटाट्यासारखे लख्ख केले आणि निथळायला हाताला आली त्या चाळणीत घातले. दुकानाची वेळ झाली होती. आई आंघोळीला गेल्या होत्या. मनात आलं, दारावर थाप मारून सांगावं, ‘चाळणीतल्याला हात लावू नका.’ पण चाळणीत फुलांचे कंद म्हटलं की आधी बोलणी खावी लागणार. म्हटलं, येते तासा-दोन तासांत, आल्यावर उचलू. आणि गेले.

आईंनी काय चूक केली, सांगा मला. त्यांच्या घरात चाळणीत जे असतं ते शिजतं. मागे मी एकदा जांभळे बटाटे आणले होते, तसंच या वेळीही त्यांना वाटलं सुनेनं आणखी काही नवीन खूळ आणलंय. मला आवडतं म्हणून आणलंय असं समजून करायला घेतलं त्यांनी. हे त्या मला काल म्हणाल्या.

आणि नजर! वन्सं, मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आईंचे डोळे ऑक्टोबरात आमच्याच दुकानात तपासले होते. नंबर तोच आहे. सुईत दोरा त्या माझ्याआधी ओवतात. हे सगळं ठाऊक असताना मी दवाखान्यात तोंड वर करून म्हणाले, नजर कमी झाली असेल. त्या हात गोल करून दाखवत होत्या ना, ती चाळणी होती. मला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच मी नर्सला म्हणाले, ‘त्यांना हात हलवू देऊ नका, सलाईन निघेल.’ तुम्हाला लिहिताना ते नर्सवर ढकललं. म्हणजे खोट्यातही खोटं.

का केलं? त्या क्षणी भीती वाटली. हे बघत होते, डॉक्टरीणबाई बघत होत्या, समोर आई सुजलेल्या तोंडानं, आणि मला वाटलं आता माझ्या सगळ्या कुंड्या रस्त्यावर जाणार आणि ‘हिनं सासूला विष घातलं’ हे जन्मभर कपाळावर बसणार. एक वाक्य पटकन निघून गेलं. त्याला माफी असेलही. पण पुढचे चार महिने कुणी माझ्या मानेवर सुरी धरली नव्हती. आई विचारायच्या आणि मी न अडखळता ‘टोपलीत’ म्हणायचे. त्याचं कारण तुम्हाला मागच्या पत्रात दिसलं असेल, तुम्ही शहाण्या आहात. मिठाचा डबा उजवीकडे आला होता. मला बरं वाटत होतं. ह्यांनी आईंना निवासाचं विचारलं आणि त्या हो म्हणाल्या, तेव्हा करपलेल्या भाकरीकडे बघत मी उभी होते आणि मला हलकं वाटलं. घ्या, लिहून टाकलं. त्या जातील, घर माझं होईल, आणि कुणाला कधी काही कळायचं नाही.

काल सकाळी मी भाजी चिरत होते. आई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. उंबऱ्याच्या आत यायचं त्यांनी सोडलंच आहे. हातात एक कांदा. कोपऱ्यातल्या कांद्याच्या टोपलीतला, साधा, लाल. म्हणाल्या, ‘जरा बघतेस का गं? हा कांदाच आहे ना?’

मला वाटलं टोमणा आहे. म्हटलं, ‘काय आई, सकाळी सकाळी!’

तर म्हणाल्या, ‘नाही गं, खरंच. वासावरून कांदा वाटतोय. पण तेव्हाही मला बटाटाच वाटला होता. तू बघ. तुझ्यासाठी चिरून ठेवावा म्हटलं, जायच्या आधी.’

वन्सं, या बाईनं मला कांदा किती प्रकारांनी चिरायचा ते शिकवलंय. उभा, आडवा, बारीक, सालीसकट भाजायचा तो वेगळा. लग्न होऊन आले तेव्हा माझी सुरी धरायची पद्धत बघून कपाळाला हात लावला होता त्यांनी. आणि ती बाई दाराबाहेर उभी राहून मला विचारत होती, हा कांदा आहे ना. नाकाशी धरून, पुन्हा लांब धरून, पुन्हा माझ्याकडे बघत.

मी सुरी खाली ठेवली आणि सांगितलं. उभ्याउभ्याच. ‘आई, कंद चाळणीत होते. मीच ठेवले होते. तुमचं काही चुकलं नव्हतं.’

त्या आत आल्या, ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या. कांदा मांडीत. मला वाटलं रडतील, नाहीतर हाताला येईल ते फेकून मारतील. मी दोन्हीला तयार होते.

‘चाळणीत होते,’ त्या म्हणाल्या. ‘स्टीलच्या.’

‘हो.’

‘ओले होते. हाताला पाणी लागलं होतं. म्हणजे मला बरोबर आठवत होतं.’

‘हो आई.’

‘तुला ठाऊक आहे का,’ त्या म्हणाल्या, ‘मी रोज सकाळी उठल्यावर अंथरुणातच स्वतःचं नाव म्हणून बघते. मग तुझ्या सासऱ्यांचं. मग दोघा मुलांचे वाढदिवस. मग आपला पत्ता, पिनकोडसकट. एखादा आकडा अडला तर दिवसभर घास उतरत नाही. आज नाव आठवतंय, उद्या आठवेल का? रोज. आणि तू शेजारच्या खोलीत झोपलेली असायचीस.’

मी खाली बसले. पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. ‘नाटकं नकोत,’ म्हणाल्या. मग विचारलं, ‘ती मला न्यायला येणार होती. मी गाडीत बसेपर्यंत तरी सांगणार होतीस का?’

मला फार आवडलं असतं हो म्हणायला. मी म्हटलं, ‘माहीत नाही, आई.’

‘हं,’ म्हणाल्या. ‘हे तरी खरं बोललीस.’

मग उठल्या. मिठाचा डबा उचलला आणि डाव्या हाताला ठेवला. वरची पातेली खाली काढायला लावली. कांदा स्वतः चिरला, इतका बारीक की मला लाज वाटली. भाजी केली. फोडणीत मोहरी तडतडल्यावर त्यांनी माझ्याकडे मान वळवून बघितलं आणि पुन्हा कढईकडे वळल्या. जेवताना ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. ‘आज कुणी केलंय?’ म्हणाले. मी तिथेच सगळं सांगितलं. ते ताट संपवून उठले. मग बाहेर जाऊन बराच वेळ बूट पुसत बसले. बूट सकाळीच पुसलेले होते. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात, आणि त्यांचं काम म्हणजे किती शब्द, तुम्हाला माहीत आहे.

आईंनी ताटं उचलल्यावर सांगितलं, ‘तिला लिही. तुझ्या हातानं. मी वाचणार आहे. एक शब्द गोड केलास तर फाडून टाकीन.’ म्हणून हे असं आहे. हे तिसरं लिहिलेलं. पहिली दोन फाडली. दुसऱ्यात मी ‘गैरसमज’ असा शब्द घातला होता.

आणखी एक, तेही आता दडवत नाही. कंद फेकले असं मी लिहिलं होतं. उरलेले मी दुकानात नेले आणि चष्म्यांच्या जुन्या, रिकाम्या डब्यांत ठेवले, एका डब्यात एक. कोरडे, काळोखात. त्या ड्रॉवरला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. काल आईंना तेही सांगितलं. ‘घेऊन ये,’ म्हणाल्या, ‘बघू दे मला कोण होतं ते.’ आज आणले. त्यांना कोंब आले आहेत, पांढरट हिरवे, डबीच्या आत वाकलेले. आईंनी एकेक हातात घेऊन नीट बघितला. वास घेतला. मग म्हणाल्या, ‘दिसतो मात्र बटाट्यासारखाच मेला.’ आणि हात साबणानं धुतले, दोनदा.

तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. पत्रात म्हणा, नाहीतर येऊन म्हणा, मी ऐकेन. फक्त त्यांना नेऊ नका. हे माझ्यासाठी मागत नाही, असं लिहिणार होते, पण तेही पूर्ण खरं नाही. त्या गेल्या असत्या तर मी त्या ओट्यापाशी रोज चहा प्यायले असते, आणि तो मला गोडही लागला असता. त्याचीच मला भीती वाटते.

मी आहे इथे, असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते तुम्ही कोणत्या विश्वासानं वाचलं असेल, ते आठवलं की पेन पुढे सरकत नाही.

तुमच्या आईंची सून


वाचलं. खरं लिहिलंय. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलंय, ते तू बघशीलच.

२१ तारखेची, शनिवारची गाडी रद्द करू नकोस. ये. न्यायला नको, जेवायला ये. स्वयंपाक मी करणार आहे, ही चिरून देईल. हिच्याशी मी अजून लागेल तेवढंच बोलते आणि किती दिवस तसं चालेल ते माझं मी ठरवीन, तुम्ही कुणी मध्ये पडू नका. पण हिला काढून टाकायची भाषा माझ्या घरात कुणी करायची नाही.

तुझे ते कंद मी स्वतः पिशवीत भरून ठेवले आहेत. कागदाच्या. कोंब वर ठेवून लाव, चार बोटं खोल, आणि पान दिसेपर्यंत पाणी जपून घाल. हिनं सांगितलं तसं सांगते आहे. पिशवीवर काही लिहिलेलं नाही. मला माहीत आहे त्यात काय आहे.

पूर्ण शुद्धीत,
तुझी आई